उद्यमबागेतला हरिहरचा लेथ

मागच्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या वर्कशॉपात भंगारवाला आला होता. नेहमीचाच आहे तो, दर पंधरा दिवसांनी येतो, लेथचा, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्राचा, कीस आणि रिजेक्ट झालेली कास्टिंग उचलतो, आणि जाता जाता कोपऱ्यातल्या जुन्या लेथकडे बघून म्हणाला, आप्पा ह्याचं काय करणार आता, देऊन टाका की किलोवर, बिडाला, ओतीव लोखंडाला, सध्या भाव बरा आहे. आप्पा, आमच्यातले वडीलधारे, काही बोललेच नाहीत. हातातला कॉटन वेस्टचा बोळा तेवढा त्यांनी लेथच्या बेडवरनं, म्हणजे त्याच्या लांब ओतीव बैठकीवरनं, एकदा इकडनं तिकडं फिरवला आणि मला म्हणाले, चहा सांग रे.

मला मात्र ते किलोवर लागून राहिलं. कारण खरं सांगायचं तर मी पण मनात तोच हिशोब चार वेळा केलेला होता. उद्यमबागेत जागेला काय भाव आलाय ते इथल्या लोकांना माहीत आहे, त्या लेथच्या जागेत अजून एक सीएनसी, संगणकावर चालणारं मशीन, बसतं, आणि सीएनसीवर दिवसाला जेवढे जॉब, म्हणजे घडवायचे नग, निघतात तेवढे त्या लेथवर आठवड्यात निघत नाहीत. पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून हेडस्टॉकवरची, म्हणजे लेथच्या जॉब फिरवणाऱ्या टोकावरची, पितळी प्लेट घासायला बसलो. तीन वेळा रंग मारलाय त्या लेथला आजवर, आधी हिरवा मग राखाडी मग परत हिरवा, आणि प्रत्येक वेळी रंगाऱ्याने प्लेटवरनंच ब्रश मारून नेलेला. अर्ध्या तासाने अक्षरं वर यायला लागली. आधी किर्लोस्कर दिसलं, मग त्याच्या आधीचं मैसूर, आणि सगळ्यात शेवटी खालच्या ओळीत हरिहर.

हरिहर हे नाव आमच्या घरात लहानपणापासनं आहे. माझ्या थोरल्या आत्याला हरिहरला दिलेली, आतोबा त्याच कारखान्यात होते, मशीन शॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, म्हणून लागले आणि असेम्ब्लीतनं रिटायर झाले. मे महिन्यात आम्ही पोरं जायचो तिकडे, मीटर गेजची गाडी होती तेव्हा, बेळगावातनं बसलं की लोंढा, धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर करत करत तुंगभद्रेचा पूल आला की आत्या खिडकीतनं पाच पैसे टाकायला सांगायची नदीत. पूल ओलांडला की हरिहर. तेव्हा कळत नव्हतं पण तो पूल म्हणजे एके काळची सरहद्द. 1956 च्या आधी नदीच्या अलीकडचं राणेबेन्नूर मुंबई राज्यात आणि पलीकडचं हरिहर मैसूर राज्यात. आम्ही सीमेवरची माणसं, सरहद्द म्हटलं की आमचे कान टवकारतात, पण ह्या सरहद्दीचं मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं, आतोबांनी सांगितलं.

तर त्या प्लेटमुळं मी परत सगळं वाचायला घेतलं, आप्पांना विचारलं, आत्याशी फोनवर बोललो, आणि जे हाती लागलं ते इथं लिहून ठेवतोय कारण आमच्या वर्कशॉपातल्या पोरांना सुद्धा हे माहीत नाही, आणि उद्यमबागेत काम करणाऱ्या किती जणांना माहीत असेल शंकाच आहे.

सुरुवात हरिहरला नाही, आपल्याकडे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली जन्मले ते गुर्लहोसूरला, सौंदत्ती तालुक्यात, म्हणजे यल्लम्माच्या डोंगराच्या मुलखात. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर पण त्याच गावचे. एका गावातनं एका आडनावाची दोन माणसं, एकाने रंगभूमी उभी केली आणि दुसऱ्याने कारखाने, आणि आज गुर्लहोसूरचं नाव काढलं तर बेळगावातली पोरं विचारतात ते कुठं आलं. असो.

लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथं कळलं की त्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला ह्याच्याहून मोठं संकट कुठलं. मग त्यांनी रंग सोडले पण रेषा सोडली नाही, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले, आजचं व्हीजेटीआय. मला हा भाग फार आवडतो. मी डिप्लोमाला असताना ड्रॉइंगच्या शीटवर रात्र रात्र बसलोय, तिथं रंग लागत नाही, लागते ती जाड रेषा आणि बारीक रेषा, आणि मधली तुटक रेषा जी आतलं न दिसणारं दाखवते.

मुंबईत असतानाच त्यांनी सायकल बघितली. त्या काळी सायकल म्हणजे साहेबाची वस्तू. मुंबईत घ्यायची आणि बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायची, रामूअण्णा ती इथं विकणार, आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवणार सुद्धा. 1888 साली बेळगावात हे सायकलचं दुकान सुरू झालं, किर्लोस्कर ब्रदर्स. आपल्या बाजारात किर्लोस्कर रोड आहे ना, रोज शंभर वेळा तोंडात येतो, साड्या घ्यायला जा, चपला घ्यायला जा, ते नाव ह्यांचंच.

पुढे मुंबईतल्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला वर घेतलं, लक्ष्मणरावांनी राजीनामा टाकला आणि बेळगावला निघून आले. इथं आल्यावर सायकलीवर भागणार नव्हतं. आजूबाजूला सगळी शेती, मग शेतीला लागणारं काहीतरी करायचं म्हणून कडबा कापायची यंत्रं केली, आणि मग लोखंडी नांगर. नांगराची गोष्ट आप्पा फार रंगवून सांगतात. शेतकरी हातच लावेना. लोखंडानं जमिनीला विष बाधतं अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं गेली म्हणतात. विचार करा, दोन वर्षं माल तयार आहे, भट्टी पेटलेली आहे, माणसांचा पगार द्यायचाय आणि गिऱ्हाईक नाही. मी वर्कशॉप चालवतो म्हणून सांगतो, दोन महिने ऑर्डर थांबली तरी रात्री झोप लागत नाही. आणि बरं, फाळ मोडला की शेतकऱ्याने परत आणायचा, परत घडवायचा, का मोडला ते बघायचं, बिडात काय कमी पडलं, वाळूत काय चुकलं. फाउंड्रीतलं सगळं शिक्षण असंच होतं. मोडलेल्या तुकड्याच्या कडेवर बोट फिरवून बघायचं, दाणा बारीक आहे की जाड, करडा आहे की पांढरा. पांढरा दिसला की समजायचं बीड फार कडक झालं, ठोक बसली की फुटणार. आमच्या इथले जुने मोल्डर अजून असंच बघतात, रिपोर्ट नंतर येतो.

मग काय झालं, तर बेळगावच्या म्युनिसिपालटीला त्यांच्या कारखान्याची जागा पाहिजे होती, गावाबाहेर नवी वस्ती वसवायची होती म्हणून. ती वस्ती म्हणजे ठळकवाडी, आता आपण टिळकवाडी म्हणतो, शाळेच्या नावात अजून ठळकवाडीच आहे. कारखाना उठवावा लागला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले, संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली, बिनव्याजी पैसे दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि ज्याला उभं केलं तो रंग न दिसल्यामुळं चित्रकला सोडलेला माणूस. 1910 मध्ये सगळं बिऱ्हाड घेऊन लक्ष्मणराव तिकडे गेले, निवडुंग तोडून कारखाना आणि वसाहत उभी केली, आणि त्या स्टेशनाचं नाव पण पुढे किर्लोस्करवाडी झालं. आज सांगली जिल्ह्यात येतं, मिरजेहून पुण्याला जाताना लागतं.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते, पाठ्यपुस्तकात पण कधी ना कधी असते. आणि बेळगावकर ती ऐकून हळहळतात की बघा आमच्याकडनं गेलं ते. मी पण हळहळायचो. पण गोष्ट तिथं थांबत नाही, ती खाली दक्षिणेला जाते, आणि तो भाग कुणी सांगत नाही.

1939 ला दुसरं महायुद्ध लागलं. तोवर हिंदुस्थानात चांगली मशीन टूल्स म्हणजे लेथ, ड्रिल, शेपर बहुतेक सगळी विलायतेतनं, जर्मनीतनं, अमेरिकेतनं यायची. लढाई लागल्यावर जर्मनीचं बंद, विलायतवाल्यांना स्वतःलाच पुरेना, बोटी मिळेनात. आणि इकडे बंदुकीच्या कारखान्यापासनं रेल्वे वर्कशॉपपर्यंत सगळ्यांना लेथ पाहिजे. लेथ का पाहिजे ते ज्यांनी कधी वर्कशॉप बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेथला आमच्याकडे मदर मशीन म्हणतात. जॉब फिरतो, टूल सरळ रेषेत पुढं सरकतं, बस एवढंच. पण एवढ्यातनं शाफ्ट निघतो, बुश निघतो, आटे पडतात, पुली निघते, आणि त्याच शाफ्ट बुश पुलीतनं दुसरा लेथ तयार होतो. लेथ असला की बाकीची यंत्रं करता येतात, नसला की प्रत्येक बोल्टासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

तर 1941 मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर उभी राहिली, खास मशीन टूल्ससाठी. लक्ष्मणरावांचे थोरले शंतनुराव सगळ्यांना माहीत आहेत, पण हरिहरचा कारखाना बघितला तो त्यांच्या धाकट्या भावाने, राजाराम किर्लोस्करांनी. आता हरिहरच का, किर्लोस्करवाडीतच का नाही वाढवलं असा प्रश्न मी आतोबांना एकदा विचारला होता, कॉलेजात असताना. तर त्यांनी टेबलावर बोटानं पाण्याची रेघ काढून दाखवलं. ही तुंगभद्रा. पाणी बारा महिने. हा पुणे बंगळूर रेल्वेचा रूळ, नदी ओलांडून जातो, माल कुठंही पाठव. ह्या वरच्या अंगाला भद्रा नदीवर भद्रावती, तिथं मैसूर सरकारचा लोखंडाचा कारखाना 1923 पासनं चालू, विश्वेश्वरय्यांनी मार्गी लावलेला. आणि मैसूर सरकार उद्योगवाल्यांना बोलावून जागा देणारं. मैसूर संस्थानात वीज पण लवकर आलेली, शिवनसमुद्रमची 1902 पासनं. एवढं सगळं एका जागी दुसरीकडे कुठं मिळणार होतं, आतोबा म्हणाले आणि हातानं ती पाण्याची रेघ पुसून टाकली.

स्वातंत्र्याच्या आधी हे झालं हे लक्षात घ्या. सरकारचं एचएमटी, जे आपण सगळे घड्याळामुळं ओळखतो पण जे खरं म्हणजे मशीन टूल्ससाठी काढलेलं, ते बंगळूरला 1953 मध्ये सुरू झालं, स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या मदतीनं. हरिहर त्याच्या बारा वर्षं आधीचं. आणि लढाई संपल्यावर 1946 मध्ये पुण्याला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला, बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झालं, मोटरांसाठी. आमच्या लेथला खाली जी मोटर आहे ती बंगळूरची, वरचा लेथ हरिहरचा. दोन भाऊच एकमेकांना धरून उभे आहेत म्हणा.

आतोबा पंचावन्न सालच्या आसपास गेले हरिहरला. मूळचे पलूसकडचे, त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत होते. हरिहरला तेव्हा वाडीकडनं गेलेली बरीच मराठी माणसं, कॉलनीत गणपती बसायचा, दिवाळीला किल्ला व्हायचा, आणि पोरं मात्र कन्नड शाळेत. माझे आतेभाऊ आईशी मराठी बोलायचे, भांडायचे कन्नडमध्ये. आम्ही बेळगावची पोरं तर दोन्हीतली शिवी समजायची आम्हाला, त्यामुळं आमचं बरं जमायचं. भोंगा वाजला की सगळं गाव घड्याळ लावायचं. सकाळच्या पहिल्या भोंग्याला आत्या डबा भरायला घ्यायची, दुसऱ्याला आतोबा सायकलवर टांग टाकायचे.

एकदा त्यांनी मला आत नेलेलं. सुट्टीत, बहुतेक आयुधपूजेच्या दिवशी, तेव्हा घरच्यांना सोडायचे आत. मी सातवीत असेन. मशीनला झेंडूच्या माळा, चकला, म्हणजे जॉब धरायच्या पकडीला, कुंकू, कोहळा फोडलेला, आणि लिंबाचा नि कटिंग ऑइलचा असा एक मिसळलेला वास. पण माझ्या लक्षात राहिलं ते बाहेरचं आवार. तिथं लेथचे बेड नुसते पडलेले, ओळीनं, उघड्यावर, तांबूस गंज चढलेले. मला वाटलं टाकाऊ आहेत. आतोबा म्हणाले, नाही रे, हे मुरालेत. कास्टिंग ओतलं की आतनं ताण राहतो त्याच्यात, लगेच मशीन केलं तर सहा महिन्यांनी लेथ आपोआप वाकडा होतो. म्हणून ऊन पाऊस खाऊ द्यायचं, ताण सुटू द्यायचा, लोणच्यागत मुरू द्यायचं, आणि मग आत घ्यायचं.

आत घेतल्यावर मशीनिंग, आणि मग स्क्रेपिंग. आतोबांचं शेवटचं काम ते होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. बेडच्या गाइडवेवर, म्हणजे वरच्या रुळांवर, टूल धरणारी कॅरेज सरकते, ती डोळ्याला दिसणार नाही एवढी सरळ सरकली पाहिजे. त्याच्यासाठी एका मास्टर पट्टीला निळं मार्किंग पातळ लावायचं, इतकं पातळ की बोटाला नुसती सावली यावी, ती पट्टी बेडवर घासायची, जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उमटतो. मग हातात स्क्रेपर घ्यायचा, लांब दांड्याचा, मागचं टोक मांडीला किंवा कमरेला टेकवायचं, आणि तो ठिपका तेवढा खरवडायचा. परत निळं, परत पट्टी, परत खरवड. असं दिवसभर. एक इंच बाय एक इंच जागेत किती ठिपके आले ते मोजायचे, जितके जास्त तितकं काम सरस. आतोबांच्या उजव्या मांडीवर त्या दांड्याचा घट्टा पडलेला होता, शेवटपर्यंत गेला नाही तो.

आणि ते खरवडून राहिलेले छोटे छोटे चंद्रकोरीसारखे वरखडे आमच्या लेथवर अजून आहेत. चकच्या बाजूला सगळे झिजून गेलेत, कारण जॉब बहुतेक आखूडच असतात, कॅरेज त्या पहिल्या दोन फुटातच येरझाऱ्या घालते. पण टेलस्टॉककडच्या, म्हणजे चकच्या समोरच्या, टोकाला, जिथं कॅरेज क्वचित जाते, तिथं कॉटन वेस्टनं पुसलं की दिसतात, एकाआड एक, डावीकडनं उजवीकडे आणि उजवीकडनं डावीकडे. मी प्लेट घासली त्या रात्री टॉर्च तिरका धरून बघत बसलो. हे आतोबांच्याच हातचे असतील असं म्हणण्यात अर्थ नाही, शेकडो माणसं होती तिथं. पण त्यांच्या शेजारच्या माणसाच्या हातचे नक्की असतील.

आप्पांनी हा लेथ 1987 ला घेतला, सेकंडहँड, हुबळीच्या एका वर्कशॉपातनं. टर्नमास्टर मॉडेल आहे. त्या वेळी उद्यमबागेत ज्याच्याकडे हरिहरचा लेथ त्याला काम देताना पार्टी दोनदा विचार करत नसे. उद्यमबाग म्हणजे रेल्वेच्या तिसऱ्या गेटाच्या पुढे, खानापूर रोडला, सगळ्या बेळगावला माहीत आहे, फाउंड्र्या, पंपांचे पार्ट, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक, गल्लोगल्ली कुणीतरी काहीतरी टर्न करत बसलेला. कोल्हापूर, हुबळी आणि पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांना इथनं माल जातो. आणि आता बघा, टिळकवाडीतनं तिसरं गेट ओलांडलं की उद्यमबाग. म्हणजे ज्या वस्तीसाठी लक्ष्मणरावांना भट्टी उचलून जायला लागलं, त्या वस्तीला लागूनच त्यांच्या पोरानं हरिहरात केलेले लेथ येऊन बसले, एक दोन नाही, कितीतरी. बेळगाव, किर्लोस्करवाडी, हरिहर आणि परत बेळगाव. हे मला प्लेट घासल्यावर सुचलं. वय चव्वेचाळीस माझं, रोज त्या गेटावर गाडी जाईपर्यंत दहा मिनिटं थांबत आलोय, आणि तरी कधी लक्षात आलं नव्हतं.

हरिहरचा कारखाना आता नाही. 1991 नंतर बाहेरच्या मशीनवरची ड्युटी उतरत गेली, परदेशातली जुनी पण चांगल्या अवस्थेतली मशीनं कंटेनर भरून यायला लागली, इकडे राजकोट, लुधियाना, बटाळ्याचे लेथ निम्म्या भावात, आणि वरच्या बाजूला सीएनसी. मधल्यामध्ये चिमटा बसला. आमच्यासारख्यांनी पण काय केलं, जुना हरिहरचा लेथ चालतोय ना, मग नवा कशाला, म्हणून चालवतच राहिलो. चांगली वस्तू केली की ती परत विकायला लागत नाही, आणि हे करणाऱ्यालाच जड जातं. नवं शतक लागलं आणि थोड्याच दिवसांत कारखाना बंद पडला. आतोबा तोवर रिटायर झालेले. आत्या सांगते की भोंगा थांबला तरी ते त्याच वेळेला उठायचे, चहा पिऊन गेटपर्यंत चालत जायचे, तिथल्या टपरीवर बसायचे आणि परत यायचे. 2011 ला गेले.

प्लेट घासल्यावर पंधरा दिवसांनी मी हरिहरला जाऊन आलो, आत्याला भेटायला म्हणून, आणि खरं म्हणजे बघायला म्हणून. बेळगावातनं सव्वादोनशे किलोमीटर पडतं, हायवेनं चार तास. आधी हरिहरेश्वराच्या देवळात गेलो, होयसळांच्या वेळचं, तेराव्या शतकातलं देऊळ, एकाच मूर्तीत अर्धा हर अर्धा हरी. आतले गोल खांब बघितलेत का कुणी? ते दगडी खांब लेथवर टर्न केल्यागत आहेत, गुळगुळीत, एकावर एक कंगोरे, आणि अभ्यासक पण म्हणतात की होयसळांचे असले खांब दगड फिरवूनच घडवायचे. मी त्या खांबावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. सातशे वर्षांनी त्याच गावात लेथचा कारखाना यावा. पुजारी मला कन्नडमध्ये म्हणाला, दर्शन झालं असेल तर पुढे सरका.

संध्याकाळी आत्याला घेऊन कारखान्याच्या बाजूला गेलो. आत्या ऐंशीच्या वर आहे, रिक्षातनं उतरली नाही. नुसतं म्हणाली, तिकडं बघ, त्या झाडाखाली सायकल लावायचे. मी झाडाचा फोटो काढला. मग ती म्हणाली, चल, अंधार पडालाय.

आता लेथचं काय ठरलं ते सांगतो. त्या आठवड्यात खानापूर तालुक्यातनं एक जण आला, गुऱ्हाळवाला, चरकाचा शाफ्ट मोडलेला, तुकडे पोत्यात गुंडाळून आणलेले, बाहेर टेम्पोत बसून राहिला, घरी उसाच्या मोळ्या वाळत चाललेल्या. एक नग. सीएनसीवर एका नगासाठी प्रोग्राम, फिक्स्चर, सेटिंग, अर्धा दिवस जातो आणि पैसे कोण देणार. आमच्याकडे एक पोरगं आहे, मच्छेचं, आयटीआय करून आलेलं, सीएनसी उत्तम चालवतं पण हातानं आटे कधी पाडलेले नाहीत. आप्पांनी त्याला हाक मारली. ये, काय बघालास लांबनं, चारजॉ चकात धर तो.

पोरानं धरला. डायल लावून फिरवून फिरवून सेंटरला आणला, चाळीस मिनिटं घेतली, आप्पा स्टुलावर बसून होते, एक शब्द नाही. पहिला कट झाल्यावर त्यानं दोन टोकांना मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला, आप्पा, चकाकडं तीन थाऊ जाड येतंय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

येणारच, आप्पा म्हणाले, तिथं बेड झिजलाय. टूल थोडं आत घे तिथं येताना, हातानं, क्रॉस स्लाइडवर बोट ठेवून. मशीन जिथं कमी पडतंय तिथं हात पुढं करायचा.

तीन वेळा चुकलं, चौथ्या वेळी पोराच्या बोटाला ती जागा समजली. दुपारी अडीचला शाफ्ट तयार झाला, बुशमध्ये ढकलला तेव्हा आतली हवा हळू सुस्कारा टाकत बाहेर आली. गुऱ्हाळवाल्यानं पैसे दिले आणि काकवीचा एक डबा पण ठेवून गेला. भंगारवाला परवा परत येऊन गेला, कीस घेऊन गेला. लेथ आहे तिथंच आहे, प्लेट आता रोज सकाळी ते पोरगं पुसतं, आणि पुढच्या वेळी रंग मारताना तिच्यावर आधी टेप लावायची असं त्यानंच मला बजावलंय.